पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

पोट फुगतं, जेवण झालं की सुस्ती येते, वजन काही केल्या उतरत नाही. अशा तक्रारीवर हल्ली डॉक्टरच्या आधी सल्ला हजर असतो : ‘ग्लुटेन बंद कर.’ सल्ला देणारा जिमचा ट्रेनर असतो, ऑफिसातली मैत्रीण असते, नाहीतर मोबाइलवरचा मिनिटभराचा व्हिडिओ. मग घरात एकाला पोळी आणि दुसऱ्याला भाकरी असा दुहेरी स्वयंपाक सुरू होतो, किराण्याच्या यादीत दुप्पट-तिप्पट भावाची बिस्किटं येतात, आणि महिन्याभराने प्रश्न जिथल्या तिथे असतो. सिलिॲक हा आतड्याचा आजार नसलेल्या माणसाला या सगळ्याचा उपयोग होतो का?

वाचकांचे याबाबतचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. वजन उतरेल का, थायरॉइड सुधारेल का, खपली गहू चालेल का, तपासणी कोणती करायची. आधी थोडक्यात उत्तर. तुम्हाला सिलिॲक नाही, गव्हाची ॲलर्जी नाही आणि पोटाची तक्रारही नाही, तर ग्लुटेन सोडून फायदा होतो असा पुरावा नाही. तक्रार असेल तर गहू कमी केल्याने बरं वाटू शकतं. पण त्याचं श्रेय बहुधा ग्लुटेनकडे जात नाही. आणि काहीही ठरवायचं असलं, तरी पोळी बंद करण्याच्या आधी तपासणी व्हायला हवी. बहुतेकांचं चुकतं ते इथे.

तीन वेगळी दुखणी, एकच नाव

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. (राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, हे युरोपात पिकणारं धान्य.) कणीक मळल्यावर जी ताण धरते, पोळी न फाटता लाटली जाते, ती ग्लुटेनमुळे. ‘मला ग्लुटेन चालत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाला यांपैकी काहीही असू शकतं :

- सिलिॲक : ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. आयुष्यभर काटेकोर पथ्य, दुसरा उपाय नाही.
- गव्हाची ॲलर्जी : गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं. काहींना गहू खाऊन व्यायाम केला तरच त्रास होतो. हा ॲलर्जीतज्ज्ञांचा विषय आहे.
- सिलिॲकशिवायची संवेदनशीलता : गहू खाल्ला की पोट फुगतं, दुखतं, डोकं जड होतं, पण वरच्या दोन्ही दुखण्यांच्या तपासण्या नॉर्मल. हिचं निदान करणारी रक्ताची कुठलीही चाचणी आज उपलब्ध नाही.

पहिल्या दुखण्याबद्दल शंका उरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ साली, नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. द हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. एरवी खंगत जाणारी त्यांची सिलिॲकची मुलं या टंचाईत सुधारली, आणि ब्रेड परत आला तसं दुखणंही परत आलं. पुढे त्यांनी पद्धतशीर निरीक्षणं करून १९५० साली उत्रेख्तमध्ये त्यावर प्रबंध सादर केला. आजचं पथ्य तिथून आलं.

भारतातली स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. देशाच्या तीन भागांतल्या प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत हजारी साधारण १२, ईशान्येत ९ आणि दक्षिणेत केवळ १ निघालं. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच, म्हणजे साधारण तिघांत एक, या प्रमाणात होती. मोठा फरक होता गव्हाचा. उत्तरेतल्या ताटात तो दक्षिणेच्या कितीतरी पट होता. महाराष्ट्राचं ताट या दोन टोकांच्या मधलं आहे आणि शहरांत ते दिवसेंदिवस पोळी-पावाकडे झुकतंय. तेव्हा ‘हा पंजाबातला आजार, आपल्याकडे कुठे’ असं म्हणून विषय सोडू नका.

क्रम महत्त्वाचा : तपासणी आधी, पथ्य नंतर

सिलिॲकची रक्तचाचणी ग्लुटेनविरुद्ध चिडलेल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. ग्लुटेन खाणंच थांबलं की ती प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तपासणी पोळी खाताखाताच व्हायला हवी.

डॉक्टरांकडे गेलात की दोन नावं लक्षात ठेवा : टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. दुसरी चाचणी का, असं लॅबवालाही कधीकधी विचारतो. काही लोकांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिपिंडं मुळातच फार कमी असतात, त्यांची पहिली चाचणी फसवी नॉर्मल येते. ते दुसरीवरून कळतं. पहिली पॉझिटिव्ह आली, तर पोटविकारतज्ज्ञ एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे तपासायला पाठवतात. मुलांमध्ये प्रतिपिंडांची पातळी खूपच जास्त असेल, तर काही वेळा बायोप्सीशिवायही निदान करता येतं. तो निर्णय तज्ज्ञांचा.

पोट अगदी ठणठणीत असलं तरी या माणसांनी तपासणीचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा :

- लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही ज्यांचं हिमोग्लोबिन वर येत नाही
- वयाच्या मानाने उंची-वजन खुंटलेली मुलं
- तरुण वयात हाडं ठिसूळ झालेले
- टाइप-१ मधुमेह किंवा ऑटोइम्यून थायरॉइड असलेले
- ज्यांच्या सख्ख्या नात्यात कुणाला सिलिॲक आहे

पोळी आधीच बंद केली असेल तर? दोन वाटा आहेत. पहिली, डॉक्टरांना विचारून पुन्हा खायला लागायचं आणि मग रक्त द्यायचं. वैद्यकीय मार्गदर्शनात यासाठी रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, दोन ते आठ आठवडे, असं प्रमाण सांगितलं जातं. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण ३० ग्रॅम कणीक आणि तिच्यात जवळपास अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे रोजच्या दोन पोळ्यांत काम भागतं. दुसरी वाट एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांच्या चाचणीची. तिला पथ्य आड येत नाही. जनुकं नसतील तर सिलिॲकची शक्यता जवळजवळ संपते. असली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती वर म्हटल्याप्रमाणे तिघांत एकाकडे असतातच. ‘जीन पॉझिटिव्ह आहे, आता गहू बंद’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

रिपोर्ट नॉर्मल, तरीही पोळीने पोट फुगतं

हा त्रास खरा असतो. घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. मात्र गुन्हेगार कोण, याबद्दल गेल्या १५ वर्षांत संशोधकांचंच मत बदललं आहे, आणि ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०११ साली दाखवलं, की सिलिॲक नसलेल्या पण आतड्याच्या तक्रारी असलेल्या काही लोकांना ग्लुटेनने त्रास वाढतो. ग्लुटेन-फ्री लाटेला यातून मोठं बळ मिळालं. त्याच गटाने २०१३ साली ३७ जणांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. आधी त्यांच्या आहारातून सहज आंबणाऱ्या शर्करा कमी केल्या आणि मग नकळत ग्लुटेन दिलं. या वेळी ग्लुटेनचा वेगळा परिणाम दिसला नाही. ज्यांनी गाजावाजा सुरू केला, त्यांनीच दोन वर्षांत पाऊल मागे घेतलं. विज्ञानात असं घडतं. मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र अजून २०११मध्येच आहेत.

ओस्लोतल्या संशोधकांचा २०१८ सालचा प्रयोग तर याहून नेमका. स्वतःहून ग्लुटेन सोडलेले, सिलिॲक नसलेले ५९ लोक त्यांनी घेतले. त्यांना तीन प्रकारच्या म्यूस्ली बार आळीपाळीने आठवडा-आठवडा खायला दिल्या. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाही. कुठली बार कोणती, हे खाणाऱ्याला माहीत नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास कुठल्या आठवड्यात झाला? ग्लुटेनच्या, असं १३ जणांच्या बाबतीत निघालं. फ्रुक्टानच्या, २४ जणांच्या. आणि ज्या बारमध्ये काहीच नव्हतं तिच्या आठवड्यात, २२ जणांच्या.

फ्रुक्टान ही गव्हातलीच एक शर्करासाखळी. आपलं लहान आतडं ती पचवू शकत नाही, मग मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू होतो. पोळी बंद केली की ग्लुटेनबरोबर फ्रुक्टानही जातं आणि कौतुक भलत्याचंच होतं. हेच फ्रुक्टान कांदा-लसणात भरपूर असतं. मराठी घरात याचा एक सोपा सुगावा मिळतो. चातुर्मासात घरात कांदा-लसूण बंद असताना, पोळ्या रोजच्यासारख्या सुरू असूनही तुमचं पोट शांत राहतं का? तसं असेल तर ग्लुटेनवरचा आरोप बराचसा ढिला पडतो.

वरचा २२चा आकडाही विसरू नका. ‘यात गहू असेल’ या धास्तीनेच पोट बिघडणारे लोक असतात. त्यांचं दुखणं खोटं नसतं, पण पोळी सोडून ते बरंही होत नाही.

मग जोकोविचचं काय?

हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं, म्हणून त्याचं काय ते एकदा पाहू. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच सामन्याच्या मध्येच दमून कोसळत असे. २०१० साली एका डॉक्टरने त्याला डावा हात पोटावर ठेवून उजवा हात ताठ धरायला सांगितला आणि तो खाली दाबला. मग पोटाशी ब्रेडचा तुकडा धरायला लावला; या वेळी हात सहज खाली गेला. गहू सोसत नसल्याचा पहिला इशारा तो हा, असं जोकोविचने ‘सर्व्ह टू विन’ या आपल्या २०१३ सालच्या पुस्तकात सांगितलं आहे. पुढे रक्तही तपासलं गेलं. त्याच्या आईवडिलांचं पिझ्झाचं हॉटेल होतं, हा या कथेतला गमतीचा भाग. २०११ साली त्याने चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकली.

ब्रेड पोटाशी धरून हाताची ताकद बघण्याला वैद्यकशास्त्रात निदान म्हणत नाहीत. शिवाय त्याने गव्हाबरोबर दूधही सोडलं, साखर कमी केली, सगळा आहारच बदलला. यातलं नेमकं काय उपयोगी पडलं, ते त्याच्या विजयांवरून ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली सिलिॲक नसलेल्या १३ सायकलपटूंना काही दिवस ग्लुटेनसह आणि काही दिवस ग्लुटेनविना आहार दिला. कामगिरीत फरक पडला नाही, पोटाच्या तक्रारींतही नाही.

घरी करून पाहायचंच असेल तर

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, त्रास आहे आणि खात्री करून घ्यायची आहे, तर बेत असा ठेवा. एकदम सगळं बंद केलं तर काय लागू पडलं ते कळत नाही; म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

1. दोन आठवडे नुसती नोंद. काहीही न बदलता रोज रात्री वहीत लिहा : काय खाल्लं, पोट किती फुगलं, दुखलं, शौचाला कसं झालं. त्रासाला शून्य ते दहा गुण द्या.
2. पुढचे दोन आठवडे फक्त बेकरी बंद. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं, नूडल्स, केक. पोळी सुरू ठेवा. एवढ्याने बरं वाटलं, तर पोळी निर्दोष सुटली.
3. फरक पडला नाही, तर चार ते सहा आठवडे पोळीऐवजी भाकरी. कांदा, लसूण, कडधान्यं, चहाचे कप, झोप हे सगळं आहे तसंच राहू द्या.
4. मग पोळी परत आणा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिच्याशिवाय आधीच्या तिन्ही वाया जातात. आठवडाभर रोज दोन-तीन पोळ्या खा आणि गुण लिहा.

तज्ज्ञांनी २०१५ साली इटलीतल्या सालेर्नो इथल्या बैठकीनंतर जे निकष ठरवले, त्यांत त्रासाच्या गुणांत निदान ३० टक्के फरक पडला तरच तो धरावा असं म्हटलं आहे. सातवरून सहा हा फरक नाही. पोळी परत आल्यावर गुण पुन्हा चढले, तर तुम्हाला गहू कमी सोसतो, एवढं खरं. ग्लुटेन की फ्रुक्टान हे ठरवायला आहारतज्ज्ञांची मदत लागेल. आणि एक दिलासा : सिलिॲक नसलेल्या माणसाला कणभर गव्हाची धास्ती बाळगायचं कारण नाही. लग्नात एक पुरणपोळी खाल्ली तर फार तर रात्री पोट गुबारेल. सिलिॲकमध्ये होते तशी आतड्याची हानी होणार नाही.

लहान मुलं, गरोदर बाया, इन्सुलिन घेणारे आणि आधीच वजन घटत असलेले यांच्यावर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा आपोआप उतरणारं वजन असेल, तर वही बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

वजन, हृदय, थायरॉइड : आशा आणि वस्तुस्थिती

वजन. ग्लुटेन बंद केल्यावर अनेकांचं वजन उतरतं, हे खरं. कारण समोसा, पाव, बिस्किटं आणि केक एका फटक्यात ताटाबाहेर जातात. तेच पदार्थ ग्लुटेन-फ्री पाकिटांतून परत आले की वजनही परत येतं. या पाकिटांत स्टार्च, साखर आणि स्निग्धांश सढळ असतात, चोथा कमी.

हृदय. अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्य-व्यावसायिकांच्या २६ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आला : ग्लुटेन जास्त खाण्याचा हृदयविकाराशी संबंध दिसत नाही. उलट ग्लुटेन टाळताना अख्खी धान्यं कमी झाली तर हृदयाचं नुकसान होऊ शकतं, अशी सावधगिरीची सूचना संशोधकांनी दिली.

मधुमेह. पोळी सोडून भाताकडे वळलात तर साखर वाढेल. भाकरीकडे वळलात तर भाकऱ्या मोजून खा. ज्वारीतही पिष्ट आहेच.

थायरॉइड आणि पीसीओएस. सिलिॲक नसताना ग्लुटेन सोडून हे आजार बरे होतात असा भरवशाचा पुरावा नाही. थायरॉइडची गोळी तर या कारणासाठी अजिबात थांबवू नका. बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकणारी द्रव्यं असतात. थायरॉइडसाठी म्हणून गहू सोडायचा आणि तिन्ही त्रिकाळ बाजरीच खायची, हा सौदा उलटा पडू शकतो. धान्यं आलटून पालटून खा.

स्वमग्नता. मुलांसाठी हे पथ्य अनेक पालक करतात. त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे आणि अशी मुलं बऱ्याचदा आधीच मोजके पदार्थ खातात. त्यातले आणखी काढण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

पोळीच्या जागी काय ठेवाल?

गहू कमी करायचं ठरलंच, तर मराठी माणसाला महागडी पाकिटं घ्यायची गरज नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेलं. त्याआधी कित्येक पिढ्या इथे ज्वारी, बाजरी, नाचणीच खाल्ली जात होती. चोथ्याच्या बाबतीत ही धान्यं कणकेच्या तोडीची आहेत : १०० ग्रॅममागे ज्वारीत साधारण १० ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि कणकेत ११च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात तो तीन ग्रॅमही नाही. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या घरात.

उपासाचे राजगिरा, वरी, शिंगाडा हेही ग्लुटेनविना. साबुदाणाही. पण साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही, आणि रोजच्या खिचडीला पथ्य म्हणणं ही स्वतःची समजूत झाली.

फसण्याच्या जागा

- खपली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातला हा जुना गहू चवीला उत्तम, त्याची खीर तर खासच. पण तो गहू आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. खपलीची कणीक पावाच्या मैद्यासारखी ताण धरत नाही, म्हणजे ती ग्लुटेन-फ्री झाली असं नाही. सिलिॲकच्या रुग्णाला खपली देणं धोक्याचं आहे.
- ‘पूर्वीच्या गव्हात ग्लुटेन कमी होतं.’ जर्मनीतल्या संशोधकांनी १८९१ ते २०१० या काळातल्या गव्हाच्या ६० वाणांची तुलना २०२० साली प्रसिद्ध केली. ग्लुटेनचं प्रमाण सुमारे १२० वर्षांत साधारण तेच राहिलं होतं.
- आयजीजी पॅनेल नावाची रक्तचाचणी. शे-दीडशे पदार्थांची यादी, काही हजार रुपये आणि समोर लाल-हिरवे रंग. आयजीजी प्रतिपिंडं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात याची खूण. ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना या चाचणीवरून पथ्य ठरवू नका असं स्पष्ट सांगतात. पैसे वाचवा.
- मल्टिग्रेन आटा आणि नाचणी बिस्किटं. घटकांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहावी लागते. पहिलं नाव गव्हाचं किंवा मैद्याचं असेल, तर पाकिटावर नाचणीचं कणीस कितीही मोठं छापलेलं असो, आत मुख्यतः गहूच.
- ओट्स. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत ते सर्रास मिसळतं. सिलिॲकवाल्यांनी प्रमाणित ओट्सही डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

पुढची यादी फक्त सिलिॲकचं निदान झालेल्यांसाठी. इतरांनी ती वाचून घाबरून जाऊ नये. सिलिॲकवाल्यांना हिंगाची चिमूटही मोजावी लागते. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बऱ्याच घरी गहू पडतो. सोया सॉसमध्ये गहू, माल्टच्या पेयांत आणि बिअरमध्ये जव. इडली रवा तांदळाचा, रवा इडली गव्हाची. आणि गिरणी : आधीचं दळण गव्हाचं असेल, तर जात्यात उरलेलं पीठ तुमच्या ज्वारीत येतं. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं असं मानतात. एका पोळीत ते अडीच हजार मिलिग्रॅम असतं. म्हणजे पोळीचा अडीचशेवा भाग. परातीला चिकटलेली सुकी कणीक, त्याच लाटण्याने लाटलेली नाचणीची पोळी, एवढ्यानेही ही मर्यादा ओलांडली जाते. त्यांना घरघंटी, वेगळी परात, वेगळा तवा हवाच. तुम्हाला सिलिॲक नसेल तर या खर्चात पडू नका.

लेबल, तक्रार आणि तुमचे हक्क

एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. २० ते १०० मिलिग्रॅम असेल, तर तो ‘लो ग्लुटेन’. सिलिॲकच्या रुग्णाने त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘व्हीट-फ्री’ म्हणजे फक्त गहू नाही, जव असू शकतो.

पाकीटबंद पदार्थात गहू, जव, राय किंवा ओट्स असतील, तर ते ॲलर्जीच्या सूचनेत लिहिणं २०२०च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक आहे. पाकीट उलटं करून ‘कंटेन्स’ हा शब्द शोधा. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांनाही पदार्थांतल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. काउंटरवर मागायला संकोच करू नका.

दावा खोटा वाटला तर पाकीट फेकू नका. बिल, बॅच नंबर दिसेल असा फोटो आणि उरलेला पदार्थ जपून ठेवा. तक्रार एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पथ्य सुचवणाऱ्यालाही प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे : तुमचं शिक्षण काय? हे किती दिवस करायचं? फायदा झाला नाही तर कधी थांबायचं? नावापुढे ‘न्यूट्रिशनिस्ट’ कुणीही लावतो. ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ला परीक्षा द्यावी लागते. आणि सल्ल्याबरोबर त्याच माणसाने प्रोटीन पावडर किंवा ग्लुटेन-फ्री आट्याचं पाकीट पुढे केलं, तर तो सल्ला विक्रीतच धरा.

तुमच्या आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलांपैकी कुणाला सिलिॲक असेल, तर तुम्हाला तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त आहे. अशा वाचकांनी त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. या महिन्यात, पोळ्या खाणं चालू असतानाच, टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए करून घ्यावी आणि रिपोर्ट फाइलला लावून ठेवावा.